विरघळलेले शेंगोळे आणि आईची रजा

मला वाचायला पत्रकांनी शिकवलं. बाबा अंबडच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं लिहिण्याचं सगळं काम त्यांच्याकडे असे. गेटवर वाटून उरलेली गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची पत्रकं गठ्ठ्यांनी घरी यायची. आई ती डब्यांखाली अंथरायची. डबे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होते, त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येऊ लागलं. सातवीत ‘माझी आई’ या निबंधाचं पहिलं वाक्य मी लिहिलं, ‘माझी आई ही आमच्या घरातील एकमेव बिनपगारी कामगार आहे.’ शेवट अर्थातच ‘विजय असो’ने केला. बाईंनी दहापैकी चार दिले. आईने निबंध वाचला आणि विचारलं, “मग ह्या कामगाराला लसूण तरी सोलून देतेस का कधी?”

देत नसे. मला वेळ नसे, मी लिहीत असे.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या शाळेला नाताळची आठ दिवस सुट्टी होती, आणि सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी फरशीवर पाय ठेववत नव्हता इतकी थंडी पडली होती. आईचं माहेर दिंडोरीच्या पुढे एका लहान गावात. त्या वर्षी तिच्या दोघी बहिणींनी ठरवलं की तिघींनी माहेरी चार दिवस राहायचं. मुलं नाहीत, नवरे नाहीत. शेजारच्यांच्या फोनवर मोठ्या मावशीचा निरोप आला. आई बोलून परत आली, कुकरला शिट्टी लावली आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी बघू.”

लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि आम्हाला सोडून ती माहेरी एक रात्रही राहिलेली नव्हती. कारण दरवर्षी एकच असे. “तुमच्या जेवणाचं काय?”

दुसरी कुठलीही मुलगी म्हणाली असती, “जा तू, मी बघते.” मी पत्रक काढलं.

कार्बन पेपर घालून चार प्रती केल्या. मथळा होता, ‘आईच्या रजेचा प्रश्न: आता माघार नाही!’ खाली चार मागण्या. एक, आईला चार दिवसांची रजा तात्काळ मंजूर करावी. दोन, या काळात स्वयंपाक उरलेल्या सभासदांनी करावा. तीन, त्यासाठी आईला काहीही विचारणे ही फितुरी समजली जाईल. चौथी मागणी पुरुषी व्यवस्थेच्या अंताची होती. ती चार दिवसांत होईल असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

आईने पीठ लागलेल्या हाताने प्रत धरली आणि उभ्याउभ्याच वाचली.

“मागण्या कुणाकडं केल्यात ह्या?”

“म्हणजे?”

“म्हणजे मालक कोण? ह्या घरात मालक कोण हाय ते लिहिलंच नाही तू. रजा मंजूर कोण करणार?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंतीकडे पाहिलं. माझा मोठा भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, तो गादीवर लोळत म्हणाला, “चार दिवस मिसळ खाऊ. बाहेरून आणू. झाली क्रांती.” त्याची सूचना मी बहुमताने फेटाळली. बहुमत म्हणजे मी.

तरी आईने पत्रक फेकून दिलं नाही. घडी घालून मिसळणाच्या डब्याखाली ठेवलं आणि संध्याकाळी मला वही घेऊन बसवलं. थंडीत करायला सोपे असे चार पदार्थ तिने सांगितले: मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत, मटारची उसळ आणि शेंगोळे. “भाकऱ्या तुम्हाला जमणार नाहीत, पाव आणा. आणि उद्या माझ्यासमोर शेंगोळे करून दाखवा. लहान पोरंसुद्धा वळतात ते. जमले तर मी सोमवारच्या एसटीनं जाते. नाही जमले तर हा विषय बंद.”

शेंगोळे म्हणजे कुळथाचं पीठ लसूण, जिरं, मिरचीच्या वाटणात घट्ट भिजवायचं, तळहातावर करंगळीएवढ्या वळ्या वळायच्या, टोकं जोडून कडी करायची आणि फोडणीच्या पाण्यात शिजवायच्या. आईने दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पिठात मूठभर गव्हाचं पीठ घालायचं, नाहीतर ते धरत नाही. आणि पाणी खळखळ उकळत असतानाच थोडेथोडे सोडायचे.

मी दोन्ही लिहून घेतल्या. रात्रीतून पहिली खोडली. त्याच महिन्यात बाबांच्या गठ्ठ्यात भरड धान्यांविषयी एक पत्रक आलं होतं. त्यातून मी असं काढलं की गहू हे बाजाराचं धान्य आणि कुळीथ कष्टकऱ्यांचं. कष्टकऱ्यांच्या पदार्थात मूठभर का होईना, बाजार का शिरावा? तडजोड इथूनच सुरू होते. गव्हाचं पीठ घालायचं नाही असं मी ठरवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. भूमिका स्पष्ट असावी असा माझा आग्रह होता, पण ती इतरांना कळवावी असा नव्हता.

रविवारी सकाळी आईला आम्ही बाहेर उन्हात खुर्ची टाकून दिली. ती बसली. दोन मिनिटांत मटारची पिशवी मागून घेतली. “नुसतं बसून हात गार पडतात,” म्हणाली. मी हरकत नोंदवली, पण मटार सोलले गेले.

आत आम्ही तिघं परातीभोवती. पीठ हाताला चिकटत होतं, वळी तुटत होती. बाबा म्हणाले, “काहीतरी कमी पडतंय बहुतेक. विचारू का तिला?”

“फितुरी,” मी म्हणाले.

बाबांनी गेटवर मॅनेजरला बोल सुनावलेले होते, पण माझ्या कलम तीनला ते घाबरले. मग आकारावरून वाद झाला. दादा गोल कडी करत होता, बाबा सरळ काड्या ठेवत होते. बाबांचं म्हणणं, शिजायला आकार लागत नाही. मी म्हणाले, एकवाक्यता हवी, सभा घेऊ. पाणी उकळत होतं. गॅस वाया जाऊ नये म्हणून मी तो बंद केला आणि सभा घेतली. अर्ध्या तासाने गोल आकाराचा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मग मी सगळे शेंगोळे एकदम त्या कोमट पाण्यात सोडले, गॅस लावला आणि झाकण ठेवलं.

वीस मिनिटांनी झाकण काढलं. आत साठेक शेंगोळे गेले होते. आत एकही नव्हता. दाट, तपकिरी, संथपणे बुडबुडे सोडणारं काहीतरी होतं.

दादाने डाव फिरवून बघितला. “तुझी एकजूट फुटली गं.”

“गप रे,” बाबा म्हणाले, पण त्यांचे खांदे हलत होते.

ताट वाढून आईला आत बोलावलं. पहिलं ताट तिचं. तिने वाटीत बघितलं, चमच्याने ढवळलं.

“शेंगोळे कुठं हायेत?”

“त्यातच आहेत,” बाबा म्हणाले.

कुणी हसलं नाही. आईने वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा नेहमीसारखा झाला, म्हणजे दरवर्षीसारखा. “राहू दे. मोठीला फोन करून सांगते. पुढच्या वर्षी बघू.” आणि पदर खोचत उठायला लागली. ती ओट्याकडेच निघाली होती, आमच्यासाठी काहीतरी टाकायला.

तोपर्यंत मी कधीच चूक कबूल केली नव्हती. पत्रकांत ते शिकवत नाहीत. पत्रकात चूक नेहमी समोरच्याची असते.

“गव्हाचं पीठ मी घातलंच नाही,” मी म्हणाले. “मुद्दाम.”

“का?”

“भूमिका म्हणून.”

आई अर्धवट उठलेली तशीच थांबली. मग खाली बसली आणि पदर तोंडावर धरून हसायला लागली. “अहो, ऐकलंत का? भूमिका म्हणून! तुमचीच पोर!” डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबाही हसले. मला राग आला, पण कशाचा ते ठरेना.

दादाचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो पाव बुडवून तिसरी वाटी खात होता. “आई, जा तू. हे वाईट नाहीये. चार दिवस हेच खाऊ आम्ही.”

आईने एक घास घेतला. “मीठ बरोबर पडलंय,” म्हणाली. मग त्यावर कच्चं तेल सोडून अख्खी वाटी संपवली आणि आणखी मागितली. आम्ही तिघंही एकदम वाढायला उठलो.

सोमवारी ती गेली. वाटेसाठी भाकरी आणि लाल चटणी बांधून घेतली होती. भाकरी फडक्यात, चटणी माझ्या पत्रकाच्या दोन प्रतींत.

आमचे दिवस बरे गेले. बाबांनी पंचवटीच्या बाजारातून भरताची वांगी आणली आणि ती भाजताना एक फुटून छताला लागलं. मंगळवारी मी गुपचूप मूठभर गव्हाचं पीठ घातलं, आणि शेंगोळे शेंगोळ्यांसारखे झाले. दादाने विचारलं, “भूमिका बदलली?” मी म्हणाले, “डावपेच.”

गुरुवारी ती येणार होती. सकाळपासून मी तिची वाट बघत होते, कारण चार पदार्थ संपले होते आणि मला कंटाळा आला होता. दुपारी शेजारच्या काकू निरोप घेऊन आल्या. आई एक दिवस जास्त राहतेय, उद्या येईल.

त्या संध्याकाळी पुन्हा खिचडी झाली. खाली लागलेली. पातेलं मी घासलं, आणि घासता घासता मनात एक मजकूर तयार झाला. शब्द न् शब्द मुद्देसूद.

शुक्रवारी दुपारी आई रिक्षातून उतरली. गालांवर ऊन लागलं होतं, हातात हुरड्याची पिशवी होती, आणि ती गुणगुणत होती. मी दारातच उभी होते, कमरेवर हात ठेवून.

“चार दिवसांचं ठरलं होतं ना? कळवायला नको होतं का आधी? इथलं काम कोणी करायचं?”

आईने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्या डोक्यावरून आत बाबांना हाक मारली.

“अहो! मालक सापडला बरं का!”