मिठाला घातलेली आंघोळ

“अरे रोको! कोई रोको इसे! नमक पे पानी डाल रहा है ये आदमी!”

सक्सेनासाहेब दारातूनच असे ओरडले की किला गेटपासून कंपूपर्यंतच्या समस्त म्हशी एकदम उठून उभ्या राहिल्या. आमच्या शेडचे पत्रे तर थरथरलेच. आमच्या लॅबचे जुने मदतनीस बापू जगताप मात्र डोळे मिटून बसलेले... ओठांत भवानीचं नाव, हातात तांब्या आणि समोर पितळी परातीत आमचं मीठ.

आधीच सांगून ठेवतो — असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. भूगर्भशास्त्र शिकलोय. हडळ, चकवा, किल्ल्यावरच्या टापांचे आवाज, हे सगळं ग्वाल्हेरात घरोघरी मिळतं. मी कधी घेतलं नाही. थापा मारतो, हे मान्य. (म्हशींचं थोडं वाढवलंय.) पण पुढचं जसं झालं तसंच सांगतोय.

बिर्ला नगरात एका बंद गिरणीच्या गोदामात आमची छोटी लॅब होती. राजस्थानात जमिनीखाली खोलवर मिठाचे जाड थर आहेत. त्यात भोक पाडायचं, पाणी सोडायचं, मीठ विरघळलं की ते खारं पाणी वर ओढून घ्यायचं. खाली उरते ती पोकळी — गिरणीची चिमणी उभीच्या उभी मावेल एवढी. तिच्यात नॅचरल गॅस साठवायचा. पण हे मीठ गॅस धरून ठेवेल का, ते आधी तपासावं लागतं. त्यासाठी ड्रिलिंग करून काढलेले मिठाचे दंडगोल — आम्ही त्यांना कोअर म्हणतो — आमच्याकडे निघाले होते. ट्रकवाल्याच्या कृपेने बाकीचे वाटेतच फुटले. अखंड पोहोचला तो एकच.

आणि नेमकी त्याच वेळी आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन होत होती. ‘विलीनीकरण’ हा शब्द ग्वाल्हेरच्या मराठी माणसासमोर काढू नये! संस्थान विलीन झालं तेव्हा बापूंचे आजोबा घोडदळातून थेट सायकलच्या दुकानात आले होते. आता आमची पाळी होती. कोअर टेस्टमध्ये टिकला तर लॅब इथेच, नाही तर सगळ्यांची बदली थेट वाळवंटात. मला काय, मी तेव्हा सडाफटिंग. पण बापूंच्या बायकोचे, माईंचे, कॅन्सरचे उपचार कंपू भागातल्या हॉस्पिटलात अर्ध्यावर आलेले. बदली झाली तर बापूंना एक तरी सोडणं भाग होतं — नोकरी, नाही तर माईंच्या उशाशी बसणं.

त्या दिवशी खंडे नवमी. आमच्यातली निम्मी घरं जुन्या फौजेतली. तलवारी गेल्या तरी पूजा सुटली नाही. दरवर्षी बापू लॅबमधली हत्यारं मांडायचे — ड्रिलचे बिट, पाने, प्रेशरचे व्हॉल्व्ह — एकेकाला आंघोळ घालून, पुसून, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. यंदा त्यांनी मधोमध कोअर ठेवला. आमचं नशीबच त्याच्यात होतं ना! त्याच्यावर मेणाचा थर होता, हवेतली ओलसुद्धा लागू नये म्हणून. बापूंनी तो खरवडून काढला.

“बापू, मेण कशाला काढताय?” मी विचारलं.

“देवाला कपड्यांसकट आंघोळ घालतात का, साहेब?”

मी हसलो. सवयीने उघड्या कोअरचं वजन तेवढं टिपून घेतलं. मला वाटलं, आंघोळ म्हणजे फुलाने शिंपडलेला एखादा थेंब. माझं लक्ष पेढ्यांच्या पुड्याकडे. बापूंचे हात मात्र दरवर्षीच्या सवयीने चालत राहिले... तांब्यामागून तांब्या.

आणि दारात सक्सेनासाहेब. मोठ्या कंपनीचे, कोअर न्यायला आलेले.

बापूंनी डोळे उघडले. परातीकडे पाहिलं. तांब्या हातातून सुटला.

“मी तर... मी तर फक्त आंघोळ घालून राहिलो होतो, साहेब.” मग एकदम खाली बसले. “माई!”

एवढंच. त्या हाकेनंतर सक्सेनासाहेबसुद्धा पुन्हा ओरडले नाहीत.

मी कोअर उचलला. एवढ्या पाण्यात त्याला खळगे पडायला हवे होते, कडा झिजायला हव्या होत्या. तो होता तसा! ड्रिलच्या बारीक रेघासुद्धा जागच्या जागी. पंच्याने पुसला, काट्यावर ठेवला... मेण काढल्यावर भरला होता तेवढाच. मी परातीत बोट बुडवून चाटलं. गोडं पाणी. आपल्या नळाचं असतं तसं, थोडं गंजकट. बापूंनी चाटलं आणि रडायला लागले. शेवटी सक्सेनासाहेबांनी पॅंट वर ओढून उकिडवं बसत बोट बुडवलं. चाटलं. पुन्हा बुडवून पुन्हा चाटलं.

आता तुम्ही म्हणाल, मेण राहिलं असेल. नव्हतं, मी नखाने तपासलं. म्हणाल, ते मीठच नसेल. त्याच कोअरच्या टोकाचा एक टवका पिशवीत पडला होता, तो मी त्याच परातीत टाकला. चहा येईपर्यंत विरघळून गेला, आणि मग पाणी खारट लागलं.

सक्सेनासाहेबांनी कोअर कोरड्या फडक्यात गुंडाळला, आईने बाळाला गुंडाळावं तसा, आणि घेऊन गेले. टेस्टमध्ये त्याने गॅस असा धरला की सुटायचं नाव नाही. लॅब ग्वाल्हेरातच राहिली. माईंचे उपचार पूर्ण झाले. आजही त्या मला बघितलं की आधी जेवायला बसवतात आणि मग विचारतात, भूक आहे का. त्यांच्या हातची कढी भुरकताना दरवेळी वाटतं, कोणाचे तरी आभार मानायला हवेत. कोणाचे, ते कळत नाही; म्हणून सगळ्यांचेच मानतो. भवानीचे, मिठाचे, त्या ट्रकवाल्याचेसुद्धा.

सक्सेनासाहेब रिटायर झाले तेव्हा त्यांच्या पार्टीत मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, “सर, सच बताइए. उस दिन परात में क्या था?”

त्यांनी तिळाच्या गजकचा तुकडा तोंडात टाकला, नीट चावून संपवला.

“पानी था.”