सात पिरोजे, एकशे चोवीस मोती

खाली गाडी हॉर्न वाजवत होती आणि आई मला ताटातले मोती मोजायला लावत होती. सांगलीहून मुंबईचं विमानतळ म्हणजे तेव्हा नऊ तास धरायचे, त्यात घाटात कुठे ट्रक आडवा झाला तर अकरा. माझा नवरा शिरीष चार महिने आधीच दुबईला जाऊन राहिला होता. दोन वर्षांची अन्वी माझ्या मांडीवर पेंगत होती. मी घड्याळाकडे बघत भराभर बोट फिरवलं आणि म्हटलं, "झाले. बरोबर आहेत."

"मोठ्यानं मोज, सुमे," आई म्हणाली. "मनातल्या मनात मोजलेलं मला ऐकू येत नाही."

आमच्या घरातली ही रीत. तन्मणी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आधी देणारीनं मोठ्यानं मोजायचं, मग घेणारीनं. आकडे जुळले की डबी बंद. घरात लग्न निघालं की तो परत न्यायचा, नवऱ्या मुलीच्या गळ्यात घालायचा आणि पुन्हा मोजून आणायचा. तीन सर आहेत: वरच्यात अडतीस मोती, मधल्यात एक्केचाळीस, खालच्यात चव्वेचाळीस. मध्ये पदक, त्याला आम्ही खोड म्हणतो. त्यात सात पिरोजे बसवलेले आणि खाली एक मोत्याचा लोलक. म्हणजे मोती एकशे चोवीस, पिरोजे सात.

"विमान थांबणार नाही हो तुमच्या मोत्यांसाठी," बाबा दारातून म्हणाले. तेव्हा ते होते.

आईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. डबीत मूठभर तांदूळ घातले, वर मलमलीत गुंडाळलेला तन्मणी ठेवला आणि सांगितलं, "याला पाणी लावायचं नाही. कोरडंच पुसायचं. आणि लक्ष ठेव. पिरोजा रंग बदलतो. आपल्या माणसावर काही यायचं असेल तर त्याला आधी कळतं."

कराड येईपर्यंत मी डायरी काढून सगळं लिहून घेतलं होतं. मोत्यांची संख्या, सरांची लांबी, सोनाराकडचं वजन. पिरोजांचा रंग मात्र लिहिला नाही. निळा, त्यात काय लिहायचं?

याला आता एकोणीस वर्षं झाली. माझ्याबरोबर किंवा माझ्यानंतर जे इकडे आले, त्यांना माझं हे पुढचं वाक्य समजावून सांगावं लागणार नाही: या एकोणीस वर्षांत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर कामाच्या वेळात आलेल्या सांगलीच्या फोनची. घरचे लोक रविवारी फोन करतात. मंगळवारी सकाळी अकरा वाजता स्क्रीनवर भावाचं नाव दिसलं की मी मीटिंगमधून उठून तडक कॉरिडॉरमध्ये जाते. बहुतेक वेळा तो आधारचा ओटीपी मागत असतो. एकदा तो ओटीपी मागत नव्हता. बाबांच्या वेळी मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

माझं काम मोजण्याचं. क्वांटिटी सर्व्हेअर म्हणजे इमारत उभी राहण्याआधी तिच्यात किती दारं, किती टाइल्स, किती मीटर केबल लागेल याचा हिशोब करणारी. आम्ही राहतो जुमेरा लेक टॉवर्समध्ये, सत्ताविसाव्या मजल्यावर. आकड्यांवर माझा विश्वास आहे, खड्यांवर नाही. तरीही ज्या वर्षी विमानं बंद होती, त्या वर्षी मी रोज सकाळी चहाआधी कपाटातली डबी उघडून पिरोजे बघत होते. निळे होते. पण आधी होते तितकेच निळे होते का? डायरीत बघितलं तर तिथे फक्त सात हा आकडा.

"ममा, इट्स जस्ट अ स्टोन," अन्वी म्हणायची.

"माहीत आहे मला," मी म्हणायचे आणि डबी पुन्हा उघडायचे.

या जानेवारीत माझ्या हातून चूक झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं, चौदा जणी आल्या. मी तन्मणी घातला. आपल्याकडे अत्तर मनगटाला लावतात, पण माझी एक मैत्रीण ऊदचं तेल घेऊन आली होती, इथलं अगरूचं दाट अत्तर. तिनं हौसेनं सगळ्यांच्या मानेला लावलं, वर गुलाबपाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी मोत्यांना चिकटा जाणवला. घरात दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, बांगड्या, पाटल्या, चांदीची भांडी, सगळं. हात सवयीनं चालले. अर्धा तन्मणी भिजल्यावर मला आईचं वाक्य आठवलं. मी तो टिपला, पंख्याखाली वाळवला आणि डबीत ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी भावाचा, नंदूचा, मेसेज आला. त्याच्या मुलीचं, ईशाचं, लग्न वैशाखात ठरलं. "तन्मणी घेऊन ये. आई वाट बघतेय." मी डबी उघडली. मोती एकशे चोवीस. पिरोजे सात. त्यातले दोन हिरवे.

मी खिडकीशी नेऊन बघितलं, ट्यूबखाली बघितलं, शिरीषला विचारलं. तो म्हणाला, "हिरवेच दिसतायत." तेल आणि रिठ्यानं रंग गेला हे मला कळत होतं. कारण ठाऊक असलं की भीती जायला हवी, पण गेली नाही. एका गोष्टीला दोन कारणं असू शकतात, हेही मला कामातून ठाऊक आहे. मी लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. ती बरी होती. नेहमीसारखं म्हणाली, "बारीक झालीस गं." मी वर्षभरात चार किलो वाढले होते. पण आयांना असंच दिसतं म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

शनिवारी मेट्रोनं बर दुबईला गेले. जुन्या देवळाच्या गल्लीत चमनभाई बसतात. कच्छचे, वय सत्तरीपुढचं, मोती ओवण्याचं काम करतात. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच तन्मणी नव्या रेशमात गाठवून दिला होता. तेव्हा मोती तळहातावर घेऊन म्हणाले होते, "बहन, ये तो यहीं के समंदर का है. आप इसको मायके ले आई हो." मला तेव्हा गंमत वाटली होती. मोती माहेरी आले आणि मी माहेर सोडून.

या वेळी ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"अत्तर लगाया था?"

"हो. मतलब, लग गया."

"ऊपर से धोया?"

"रिठे से."

"वही तो! आप लोगों का बस चले तो समंदर को भी रिठे से धो डालो." मग भिंग खाली ठेवलं. "पत्थर ने तेल पी लिया है. अब वापस नहीं आएगा. खलास."

माझा चेहरा बघून त्यांनी ड्रॉवरमधून एक पुडी काढली. "ईरान का पिरोजा है. दो डाल देता हूँ, डेढ़ सौ दिरहम का एक. किसी को पता नहीं चलेगा."

तीनशे दिरहम म्हणजे सात हजार रुपये झाले, एवढा गुणाकार मनात आपोआप झाला. पण अडचण पैशांची नव्हती. सात जुन्या खड्यांमध्ये दोन नवे बसवून मी ताटासमोर बसणार, आई मोजणार, सात भरणार आणि डबी बंद होणार. आकडा खरा आणि बाकी सगळं खोटं. आयुष्यात मी एवढी खोटी बेरीज केली नव्हती. आणि तरी मी "डाल दो" म्हणायच्या अगदी बेतात होते, कारण आईच्या तोंडून "माझं काय ऐकलंस?" हे ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती.

"कल बताती हूँ," मी म्हटलं.

रविवारी मी आईला फोटो पाठवला आणि फोन केला. "आई, यातले दोन खडे हिरवे आहेत. पहिल्यापासून होते का?"

"बघितला फोटो," ती म्हणाली. "पहिल्यापासून असेच आहेत ते. तुझ्याच लक्षात नाही."

"नक्की?"

"अगं, माझ्या गळ्यात होता तो तीस वर्षं. मला ठाऊक नाही तर कुणाला? जेवत जा नीट. बारीक झालीस."

मी चमनभाईंना नको म्हणून कळवलं. त्या आठवड्यात मला शांत झोप लागली. कोणते दोन, हा एक प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. कामावर असं अर्धवट उत्तर मी कुणाकडून घेतलं नसतं.

वैशाखात सांगलीला पोचले. आई आता नंदूकडे राहते, दुसऱ्या मजल्यावर. लग्नाच्या तीन दिवस आधी जेवणं झाल्यावर तिनं ताट मागवलं. मी मोठ्यानं मोजलं. मग तिनं तन्मणी मांडीवर घेतला. चष्मा लावला नाही. तोंड खिडकीकडे आणि बोटं एकेका मोत्यावर. अडतीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. लोलक. मग खोडावरून अंगठा फिरवत, "सात. सगळे आहेत."

मी विचारलं, "आई, हिरवे दोन कोणते?"

अंगठा थांबला. मग तिनं एका खड्यावर बोट ठेवलं. तो निळा होता.

दारात उभा असलेला नंदू म्हणाला, "आई, आता सांग तिला."

"काय सांगू? मधलं दिसत नाही मला," आई चिडून म्हणाली. "डोळ्याचा पडदा गेलाय. कडेचं दिसतं. ताटाची कड दिसते, ताटातली पोळी दिसत नाही. गेलेलं परत येत नाही म्हणतात डॉक्टर."

"केव्हापासून?"

"झालं की दीड वर्ष."

दीड वर्ष म्हणजे अठ्ठ्याहत्तर रविवार. अठ्ठ्याहत्तर वेळा मी फोन समोर धरून बसले होते आणि तिला माझ्या तोंडाच्या जागी काही दिसत नव्हतं.

"मग बारीक झालीस, बारीक झालीस काय म्हणत होतीस?"

"आईनं म्हणायचं ते म्हणत होते. नाही झालीस का?"

"चार किलो वाढलेय."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि नंदूला हसू आलं. मला नाही आलं. मी तिच्यावर ओरडले. माझ्यापासून का लपवलं, मी काय परकी आहे का, वगैरे.

ती म्हणाली, "तू तिकडं बसून घाबरली असतीस."

"मग फोटो बघितला म्हणून का सांगितलंस?"

"तुझा आवाज घाबरलेला होता. तेवढं मला ऐकू येतं."

मग मी सगळं सांगितलं. ऊदचं तेल, रिठा, चमनभाईंची पुडी, बसवून घ्यायच्या बेतात होते तेही. तिचं बोट धरून हिरव्या खड्यांवर ठेवलं, डावीकडून दुसरा आणि लोलकाच्या अगदी वरचा.

"कसा हिरवा?"

"भिजवलेल्या मुगासारखा."

"पाणी लावू नको म्हटलं होतं."

"हो."

एवढंच बोलणं झालं. ज्याची मला चार महिने धास्ती होती, ते एवढंच निघालं. थोड्या वेळानं, तिला बरं वाटावं म्हणून मी हिशोब मांडला. "तुझे डोळे बिघडले दीड वर्षापूर्वी आणि खडे हिरवे झाले जानेवारीत. म्हणजे पिरोजाला आधी बिधी काही कळत नाही. वर्षभर उशीरच झाला त्याला."

"उशिरा का होईना, त्याला कळलं," आई म्हणाली. "तुला कुठं कळलं?"



ईशाच्या गळ्यात तन्मणी चांगला दिसला. हिरवे खडे कुणाच्या लक्षातही आले नाहीत. निघायच्या दिवशी खाली गाडी उभी असताना आईनं बोटांनी मोजून दिला, मी मोजून घेतला, आणि ती म्हणाली, "लिही. सात पिरोजे. पाच निळे, दोन हिरवे. कोणते तेही लिही." मी एकोणीस वर्षांपूर्वीची ती डायरी सोबत नेली होती. त्याच पानावर, त्याच आकड्याखाली लिहिलं. विमानात हात सारखा गळ्याशी जात होता.

आता रविवारी आम्ही व्हिडिओ लावत नाही. आधी ती सांगते: डाव्या डोळ्याला काय दिसतं, उजव्याला काय, साखर किती, पडली का. मग मी सांगते: वजन, बीपी, शिरीषच्या ऑफिसात कुणाकुणाला काढलं, पुढच्या वर्षी व्हिसा राहील की नाही. पूर्वी आम्ही दोघी "सगळं ठीक" म्हणून फोन ठेवत होतो. आता ठेवल्यावर भीती आधीपेक्षा कमी वाटते असं नाही, पण ती कशाची आहे ते दोघींना माहीत असतं. घर म्हणून मला आज एवढंच दाखवता येईल. सांगलीतलं आमचं जुनं बिऱ्हाड गेलं, इथलं व्हिसावर आहे.

मागच्या रविवारी ती म्हणाली, "उजव्या डोळ्याला आज खिडकीची कड दिसली नाही." मग लगेच म्हणाली, "डबी आहे का जवळ? काढ. मोज."

मी तन्मणी मांडीवर घेतला आणि मोठ्यानं मोजायला लागले. ती तिकडून माझ्याबरोबर मोजत होती. एकशे चोवीस, ती म्हणाली. एकशे चोवीस, मी म्हटलं. सात. सात. मग रंग मी एकटीनं सांगितले.