शशीचं धुकं

एका फोटोभोवती लावायचा पुठ्ठ्याचा माउंट कापत होतो, तेवढ्यात शशीच्या बायकोचा फोन आला. "भावजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. हातातली पट्टी तशीच धरून मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. तिथे शशीचंच चित्र होतं, माहुलच्या खाडीचं. तीन वर्षं माझ्या दुकानात लटकलेलं, आणि माझ्याच हातून बिघडलेलं.

शशी माहुलच्या कोळीवाड्यातला, मुलुंडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. माझं घाटकोपरला फ्रेमचं दुकान. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत तो धक्क्यावर जाऊन बसायचा आणि ऊन चढलं की रंग आवरायचा. काळा रंग त्याच्याकडे नव्हताच. सावलीसुद्धा जांभळी नाहीतर निळी. खाडीचं ते चित्र जवळून पाहिलं तर नुसते फटकारे. चार पावलं मागे सरकलं की होड्या दिसायच्या, पलीकडच्या तेलाच्या टाक्या गुलाबी धुक्यात अर्ध्या विरलेल्या, आणि सकाळचा गारवा अंगाला लागायचा.

"नुसती फ्रेम कर रे," तो म्हणाला होता. "वरून काही फासू नकोस." पण मी पडलो जाणता! खाऱ्या हवेत रंग टिकायचा नाही म्हणून चकचकीत वार्निशचे दोन हात मारले. कोरडे रंग गडद झाले, टाक्या ठसठशीत वर आल्या. शशी चार पावलं मागे सरकला, परत पुढे आला. "यार, माझं धुकं पुसलंस तू..." मी वर तोंड करून म्हणालो, "उलट आता झकास दिसतंय ना!" त्याने चित्र घरी नेलं नाही. भांडलाही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. पुढे दर थंडीत म्हणायचा, "एकदा पहाटे धक्क्यावर ये, मग कळेल तुला." मी दर थंडीत लग्नसराईच्या कामाचं निमित्त सांगितलं.

तेराव्याला माहुलला गेलो तो पहाटेच, आधी धक्क्यावर. थंडी नुकतीच पडू लागली होती. धुकं पांढरं नव्हतंच. गुलाबी, राखाडी, मधेच पिवळसर... आणि टाक्या त्यात होत्याही, नव्हत्याही. शशीने दिसलं तसंच काढलं होतं. हे कळायला मला तीन हिवाळे उशीर झाला.

मग शशीच्या घरी गेलो, तर वहिनींनी त्याचं शेवटचं चित्र पुढे केलं. तीच खाडी, पुन्हा काढायला घेतलेली. नुसतं धुकं भरून झालेलं, होड्या यायच्या राहिलेल्या.

"याला फ्रेम करा, भावजी. आणि..."

"वरून काही लावणार नाही, वहिनी."

ते मढवून त्यांना नेऊन दिलं. माझ्या भिंतीवर जुनंच आहे. सकाळी शटर उघडलं की त्या चकाकीत आधी माझंच तोंड दिसतं, खाडी नंतर. चार पावलं मागे सरकलो तरी ते हटत नाही.