चिंगीवरचा आरोप

माझ्या सासूबाईंना मी त्यांच्या मांजरासकट घराबाहेर काढलं, आणि तेही टेलिफोनवरून.

यातलं खरं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. (त्यामुळे माझी मूत्रपिंडं या वयातही ठणठणीत आहेत!) आता सासूबाई नाहीत आणि मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. तेव्हा एकदाचं खरं काय ते लिहून टाकतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पनवेलमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर होतं. सासरे गेले आणि सासूबाई नेऱ्याहून, त्यांच्या गावाहून, आमच्याकडे राहायला आल्या. सामान म्हणजे एक ट्रंक, आमसुलांची बरणी आणि एक कापडी पिशवी. पिशवीतून चिंगीचं डोकं बाहेर आलेलं. चिंगी म्हणजे मांजर. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट मागितलं, तेव्हा सासूबाईंनी त्याला सुनावलं म्हणे, "ती बसलेली नाय, मी धरलेली हाय!"

दोन-तीन महिन्यांनी माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठू लागल्या. सकाळी पोटावर, दुपारी पाठीवर, संध्याकाळी कानावर! साहेबांसमोर उभं राहून मांडी खाजवणं हे सरकारी नोकरीत बसत नाही, पण मी ते रोज करत होतो. सासूबाई रोज सकाळी आमसुलं भिजवून वाटीभर पाणी तयार ठेवत आणि माझी बायको सुमन ते माझ्या पाठीला चोळी. खाज तेवढ्यापुरती थांबे. माझं डोकं मात्र थांबत नसे.

मी कचेरीत हेडक्लार्क. आमच्याकडे जबाबदार कोण हे आधी ठरतं, चौकशी मागाहून होते. मी अंडी बंद केली, वांगी बंद केली, सुकट बंद केली, तीन वेळा साबण बदलला. गांधी उठतच राहिल्या. मग एका रविवारी चिंगी माझ्या उशीवर अंग चाटत बसलेली दिसली आणि मला साक्षात्कार झाला.

"हिचे केस!" मी ओरडलो.

"जावईबापू," सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "जनावर गरीब हाय हो. ती काय करंल तुमच्या अंगाला?"

"ते डॉक्टर ठरवतील. दोषी निघाली तर नेऱ्याला जाईल."

सुमनने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, चिंगी गेली तर आई इथे राहील का? तिकडे रिकाम्या घरात तिच्याशी बोलायला तरी कोण आहे?"

"ते आईंनी ठरवावं," मी मोठ्या मनाने म्हणालो.

आमच्या डॉक्टरांनी मला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे कातडीवर टोचून करायची एक चाचणी नुकतीच सुरू झाली होती. अट एकच, आधी आठवडाभर चालू असलेल्या पित्ताच्या गोळ्या बंद. त्या आठवड्यात माझी जी अवस्था झाली ती काय सांगू! वरचा ओठ इतका सुजला की कचेरीतल्या शिपायाने मला ओळखलं नाही आणि "साहेब बाहेर गेलेत" म्हणून मलाच परत पाठवलं.

चाचणीच्या दिवशी मी पुरावा बरोबर नेला. पहाटे चिंगी झोपेत असताना कंगव्याने तिचे केस काढले आणि कागदाच्या पुडीत बांधले. वर बॉलपेनने लिहिलं, 'मांजर'. रुग्णालयात पोहोचताच पुडी नर्सच्या हातात ठेवून म्हणालो, "हे टोचा."

"बरं, ठेवा तिथे," ती म्हणाली.

तिने आधी माझं रक्त काढून घेतलं. (मला वाटलं, रक्त काय, हल्ली सगळ्यांचंच काढतात!) मग बराच वेळ बसवून ठेवलं. शेवटी हातावर पेनने तीन गोल काढले, आकडे टाकले आणि बारीक सुईने तिन्ही ठिकाणी टोचलं.

"हे बघा काका, एक नंबरला नुसतं मिठाचं पाणी. दोन नंबरला खाज आणणारं औषध, ते फुगणारच. आणि तीन नंबरला तुमचं..."

"कळलं, कळलं!" मी म्हणालो. तीन नंबरला मी आणलेली वस्तू, हे सांगायला नर्स कशाला हवी?

"अर्ध्या तासाने डॉक्टर येऊन मोजतील. तोवर हलू नका."

पंधरा मिनिटांत दोन नंबर फुगला. वीस मिनिटांत तीन नंबर फुगला, तोही टम्म, लालभडक, भोवती नक्षी काढल्यासारखा! एक नंबर मात्र सपाट. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांना मी हात दाखवला. "बघा, मांजर!" ते थोडे सरकून बसले.

आता अर्धा तास थांबायचं कशाला? निकाल तर हातावरच होता. मी तडक समोरच्या टेलिफोनच्या बूथवर गेलो. आमच्या घरी फोन नव्हता, पण खालच्या मजल्यावर शेखभाभींकडे होता. त्यांचे यजमान आखातात नोकरीला.

"भाभी, सुमनला निरोप द्या. म्हणावं, चाचणी झाली. मांजरच निघालं! आजच्या आज नेऱ्याला पाठवा."

"या अल्ला! त्या बिचारीने काय केलं?"

"सिद्ध झालंय, भाभी! माझ्या हातावर आहे!"

छाती काढून परत आलो, तर डॉक्टर पट्टी घेऊन माझीच वाट पाहत उभे होते. त्यांनी तिन्ही गोल मोजले आणि मान डोलावली.

"तीन नंबर स्पष्ट आहे."

"मला ठाऊकच होतं. मांजर!"

"कसलं मांजर?"

"मी पुडी दिली होती ना..."

"ती पुडी तुमची का? सिस्टरने उघडून पाहिली, मघापासून शिंकतायत त्या." त्यांनी पुडी माझ्या हातात ठेवली. "अहो, तीन नंबर म्हणजे तुम्ही स्वतः! तुमचंच रक्त घेऊन त्यातला वरचा पातळ भाग तुम्हालाच टोचला. काही जणांचं शरीर स्वतःवरच उठतं. तुमचं तसं दिसतंय. आता बाहेर कुणाला शोधत बसू नका."

मी पुन्हा बूथकडे पळालो. पुढे चार माणसं. पहिला माणूस कुणाला तरी लग्नाची पत्रिका अक्षर न् अक्षर वाचून दाखवत होता! माझा नंबर आला तेव्हा शेखभाभी म्हणाल्या, "निरोप दिला भाईसाब. आजी तर गेल्या की. चिंगीला पिशवीत घालून, ट्रंक घेऊन. सुमनताई रडत होत्या."

घरी पोहोचलो. वाटीत आमसुलाचं पाणी तयार होतं. जाताजाता करून ठेवलेलं.

"आई म्हणाली, यांच्या अंगाला बरं वाटू दे, माझं काय," सुमन म्हणाली. "डॉक्टर नक्की काय म्हणाले?"

हीच ती वेळ होती. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सासूबाईंना परत आणता आलं असतं. पण शेखभाभींमार्फत मी आख्ख्या बिल्डिंगला निकाल जाहीर करून बसलो होतो!

"तेच. मांजर," मी म्हणालो.

पुढचे सहा महिने गांधी तशाच उठत होत्या. मी सांगत होतो, "केस राहिले असतील घरात!" सुमनने गाद्या उसवल्या, कापूस पिंजून घेतला, पडदे उकळले. मी कोपऱ्यात बसून चोरून गोळ्या खात होतो आणि देखरेख करत होतो.

मग अधिक महिना आला. जावयाचा महिना! नेऱ्याहून आमंत्रण आलं. मी ठरवलं, आता बस्स, सासूबाईंचे पाय धरायचे आणि सगळं सांगून त्यांना घेऊनच यायचं. गाडीत मी ओठातल्या ओठात वाक्य पाठ केलं, "आई, दोष माझाच होता, मला माफ करा."

सासूबाईंनी घर सारवून ठेवलं होतं. "जावयांच्या अंगाला तरास नको" म्हणून सगळी अंथरुणं तीन दिवस उन्हात घातली होती. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली, पुढ्यात अनारशांचं ताट ठेवलं. पाय धरायला वाकलो तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "अवो, काय करताय जावईबापू! तुमी नाय वाकायचं!"

मी घसा साफ केला. "आई, ती चिंगी..."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले, पण हसून म्हणाल्या, "गेली हो ती. गेल्या महिन्यात गेली. आता तुमी कवाबी या, बिनघोर ऱ्हावा. तुमाला तरास द्यायला घरात कोन नाय."

सुमन माझ्याकडे पाहत होती. माझ्या तोंडात अनारसा होता. पाठ केलेल्या वाक्यातला एकही शब्द आठवेना. काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी बोललो.

"बरं झालं," मी म्हणालो.