बिरोबाच्या मंडपातल्या एकसष्ट सळया

दगडाबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. चूक त्यांची होती, हे मी आजही म्हणते.

सकाळी आठपासून दोन तास उन्हात उकिडवं बसून मी मंडपाच्या गच्चीवर खडूनं रेघा आखल्या होत्या. फूटफूट अंतरावर, आडव्या आणि उभ्या. चहाला म्हणून खाली उतरले आणि वर येऊन बघते तर गच्ची लख्ख. कोपऱ्यात एक म्हातारी केरसुणी आपटत उभी. मला म्हणाली, "पोरांनी लई रेघोट्या मारून ठेवल्या होत्या, बाई. झाडून घेतल्या. आता कर तुझं काम."

माझं डोकं तसंही लवकर तापतं, त्यात एप्रिलचं ऊन. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, केरसुणी काखेत मारली आणि जिना उतरून गेल्या. मला वाटलं, गेली रुसून. थोड्या वेळानं परत आल्या तर एका हातात सुताचं रीळ आणि दुसऱ्या हातात वाटी, वाटीत कालवलेला गेरू.

"खडूनं कशाला मरतीस? धर हे टोक."

मी धरलं. त्यांनी सूत गेरूत भिजवून ताणलं, मधे चिमटीत उचललं आणि सोडलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ तांबडी रेघ उमटली. दोन तासांचं काम आम्ही अर्ध्या तासात उरकलं. मी विचारलं, "मावशी, हे कुठं शिकलात?"

"मालकासंगं. ते लोखंड बांधायचे. सुताचं दुसरं टोक वीस वर्सं मीच धरलं."

मी ऋतुजा. गाव आष्टी, नोकरी बीडला. काँक्रीट न फोडता त्याच्या आत काय आहे ते बघायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. माझं मशीन लहान पोरांच्या गाडीसारखं असतं, चार चाकांचं, वर स्क्रीन. ते स्लॅबवरून ढकलत न्यायचं. ते आत लहरी सोडतं, लहरी सळईवर आपटून परत येतात, आणि स्क्रीनवर प्रत्येक सळईच्या जागी पालथ्या वाटीसारखी एक कमान उमटते. कमान वर दिसली तर सळई वरच्या अंगाला, खाली दिसली तर खोल. माणसं याला सोनोग्राफी म्हणतात. सुरुवातीला मी चिडायचे, आता मीही तेच म्हणते.

चौसाळ्यापासून आत असलेल्या त्या वाडीवर मला बोलावलं ते बिरोबाच्या देवळासमोरच्या सभामंडपासाठी. मंडप बारा वर्षांचा, लोकांनी वर्गणीतून बांधलेला. मागच्या महिन्यात भजन चालू असताना एका कोपऱ्यातला स्लॅबचा पापुद्रा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण मंडप पाडायचा की दुरुस्त करायचा, यावर गाव अडलं. देवस्थान कमिटीचे प्रमुख शहादेवआण्णा. त्यांनी मला फोनवरच निकाल सांगून टाकला होता. "मॅडम, आत लोखंडच न्हाई. तुमी फक्त तसं कागदावर द्या." मी म्हटलं, आण्णा, तुम्हाला सगळं दिसतंय तर मला कशाला बोलावता? 

लोखंड कुणी खाल्लं, हेही वाडीचं ठरलेलं होतं. दगडाबाईंचे मालक हरिबा. मेंढपाळाच्या घरातला हा माणूस तरुणपणी मेंढरं भावाच्या हवाली करून पुण्याकडे बांधकामावर गेला आणि सळया बांधण्यात तरबेज होऊन परत आला. देवाचं काम म्हणून मंडपाची मजुरीसुद्धा त्यानं घेतली नाही. पण त्याच साली त्याच्या घराच्या दारावर काँक्रीटचा छज्जा झाला. मंडपाचे उरलेले तुकडे कमिटीनंच त्याला नेऊ दिले होते. सहा वर्षांनी मंडपाचा कोपरा पहिल्यांदा ढासळला तेव्हा ते तुकडे कुणाला आठवले नाहीत, छज्जा मात्र सगळ्यांना आठवला. हरिबानं देवाचं लोखंड खाल्लं, असं एकानं म्हटलं आणि मग सगळेच म्हणायला लागले.

हे मला दगडाबाईंनीच गच्चीवर सांगितलं, रेघा मारता मारता. तक्रारीचा सूर नव्हता. त्यांचं सगळं बोलणंच तसं, समोरच्याला जणू रस्ता सांगतायत. जन्म बालाघाटाच्या माळावर, मेंढरांच्या वाड्यावर. आधीची दोन पोरं गेली म्हणून आईनं नाव दगडा ठेवलं, म्हणजे टिकेल. "टिकले बी," त्या म्हणाल्या, "मालक टिकले न्हाईत." हरिबाला जाऊन चार वर्षं झालेली. लेक सोमनाथ मेंढरं घेऊन आष्टीच्या अंगाला गेलेला. त्या घरी एकट्या. रोज सकाळी मंडप झाडतात. ज्या गावानं नवऱ्याला चोर म्हटलं त्या गावाचा मंडप कशाला झाडता, असं मी फटकन विचारलं. त्या म्हणाल्या, "मंडप मालकानं बांधलाय. गावाचा कावून व्हील?"

मग सूत गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ह्या गाडीत सळया मोजता येत्यात का, पोरी?"

"येतात की."

"साठ घरं आन् एकसष्ट सळया, असं मालक म्हणायचे. सहा-सहा इंचांवर. तू मोज. कमी भरल्या तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पर बरोबर भरल्या तर खाली समद्यांम्होरं सांग."

मला कामाच्या जागी कुणी गळ घातलेली आवडत नाही. मशीन कुणाच्या बाजूनं नसतं आणि मीही नसते. पण खरं सांगते, मशीन चालू करताना मी मनातल्या मनात बिरोबाला म्हटलं, बाबा, एकसष्ट भरू देत.

तोवर शहादेवआण्णा आणि कमिटीचे चारपाच जण वर आले होते. मी गाडी एका टोकाला लावली आणि सावकाश ढकलायला लागले. स्क्रीनवर पहिली कमान आली, दुसरी आली. दगडाबाई माझ्या खांद्याला खांदा लावून चालत होत्या. त्यांना मी एकदाच दाखवलं, ही बघा सळई, मग त्या स्वतःच मोजायला लागल्या. तीस फुटांच्या गच्चीवर सगळे माझ्या मागून पावलापावलानं सरकत होते. चाळिसाच्या पुढे आण्णांचेही ओठ हलायला लागले. शेवटची कमान भिंतीला खेटून आली तेव्हा दगडाबाई म्हणाल्या, "एकसष्ट."

माझ्याही एकसष्टच भरल्या होत्या. खात्रीसाठी आणखी तीन रेघांवरून गाडी फिरवली. तिन्ही वेळा एकसष्ट. मग मी वळून मोठ्यानं सांगितलं, "आण्णा, लोखंड पूर्ण आहे. एक सळई कमी नाही. हरिबांनी काही खाल्लेलं नाही, आणि हे मी सहीनिशी लिहून देणार आहे."

दगडाबाई तिथेच कठड्याला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. पदरानं नुसतं तोंड पुसत राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला अर्धवट बोलता येत नाही. आण्णांनी विचारलं, "लोखंड हाय, तर मग कोपरा का पडतोय?" आणि मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरून शिकवायला बसले. हे बघा, सगळीकडे कमानी एका रांगेत आहेत. जिन्याजवळच्या या कोपऱ्यात आल्या की खाली उतरतात. म्हणजे इथे सळयांची जाळी खाली बसलीय. सळईच्या खाली पाऊण इंच तरी काँक्रीट लागतं, इथे नखाएवढं पण नाही. पावसाचं पाणी मुरलं, सळई गंजली, गंजून फुगली आणि तिनं खालचा थर ढकलून दिला.

"जाळी खाली कशानं बसली?"

मी सगळ्यांना घेऊन खाली गेले. शिडी लावून ढासळलेल्या जागी वर चढले. सळई उचलून धरायला तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. काँक्रीट ओतताना खाली लावलेल्या पत्र्यावर बसली तर सळई उघडी पडते, म्हणून. तसल्या एका ठोकळ्याची जागा दिसत होती. नखानं खरवडला तर भुसभुशीत वाळू हातात आली. "हे ठोकळे कच्चे राहिलेत," मी वरूनच म्हटलं. "घमेली घेऊन बाया इथूनच वर आल्या असणार. पायाखाली ठोकळ्यांचा चुरा झाला."

खाली आण्णांनी मान डोलावली. माणूस दुष्ट नाही, पण सहा वर्षांचं एक मत असं एका दुपारीत सुटत नाही. म्हणाले, "म्हंजे चोरी न्हाई केली. पर काम कच्चंच केलं की हरिबानं. ठोकळे त्यानंच घरी पाडले होते."

मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू. चोर म्हणून जे नाव पुसलं, ते कच्चा कारागीर म्हणून मीच पुन्हा लिहून दिलं होतं. आणि ठोकळे कच्चे होते हे खरंच होतं.

दगडाबाई माझ्याजवळ आल्या. "पोरी, ठोकळा कच्चा कशानं ऱ्हातो?"

"पाणी नाही मिळालं तर. सात दिवस पाण्यात ठेवावा लागतो, मावशी. नाहीतर वरून दगड दिसतो आणि आत माती."

त्या आण्णांकडे वळल्या.

"शहादेव, काम कच्चं न्हाई त्यांचं. पाणी मी काढलं."

कुणालाच काही समजलं नाही. त्यांनी मग नीट सांगितलं. तो टँकरच्या दुष्काळाचा उन्हाळा. हरिबानं ठोकळे दोन खेपांना पाडले. पहिले चांगले भिजले. कमी पडले म्हणून आणखी पाडले, आणि मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत बुडवून ठेवले. बायकोला बजावून सांगितलं, सात दिवस डोणीला हात लावायचा नाही. स्वतः दिवसरात्र मंडपावर. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तीन मेंढ्या व्यालेल्या, कोकरं ओरडून ओरडून बसलेली. दगडाबाईंनी ठोकळे काढून उन्हात मांडले आणि डोणीतलं पाणी मेंढ्यांना पाजलं. तिन्ही मेंढ्या जगल्या.

"आठव्या दिशी मालकानं इचारलं, सात दिस भिजवलेस न्हवं? मी हो म्हनले. त्यांनी माझ्या शब्दावर ते ठोकळे हितं कोपऱ्यात मांडले. मला वाटलं, सिमिट ते सिमिट, त्याला काय तहान लागती? आज ह्या पोरीनं सांगितलं तवा कळलं."

शहादेवआण्णांनी टोपी काढून हातात घेतली. खाली बघत म्हणाले, "काकू, त्या आठवड्याचा टँकर मीच मंडपाकडं वळवला होता. स्लॅबला पाणी साठवायला."

मी म्हटलं, मंडप पाडायची गरज नाही. एवढा कोपरा खरवडून, गंज काढून नव्यानं भरला की झालं. रिपोर्टात कारण काय लिहू, हे मात्र विचारायचं माझं धाडस होईना. दगडाबाईंनीच सांगितलं, "माझं नाव लिव. दगडाबाई हरिबा." मी म्हटलं, रिपोर्टात असं नाव लिहीत नाहीत. तर म्हणाल्या, "मग हरिबाचं काम पक्कं होतं, एवढं तरी लिव."

तेवढं मी लिहिलं. आमच्या साहेबांनी ती ओळ खोडली, मी पुन्हा घातली.

पण हे नंतरचं. त्या दुपारी मी मशीन पेटीत भरत होते. माणसं पांगली होती. दगडाबाई मला सांगायला लागल्या की कोपरा पहिल्यांदा पडल्यापासून हरिबा रोज संध्याकाळी इथे येऊन उभा राहायचा, वर बघत. चोर म्हटल्याचं त्याला तितकं लागलं नव्हतं. लोखंड किती घातलंय ते त्याला ठाऊक होतं. पण कोपरा का पडतोय हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. आजारात अंथरुणावर पडूनही विचारायचा, माझं काय चुकलं आसंल गं?

एवढं बोलून त्या चालत त्या कोपऱ्याखाली गेल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, जसा नवऱ्याशी बोलताना घ्यायच्या. वर बघून म्हणाल्या, "तुमचं काय बी चुकलं न्हाई. मी खोटं बोलले होते."