गौरी जेवेपर्यंत थांबवलेला ईसीजी

"कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे," डॉक्टर म्हणाले. "आजी, पेसमेकर बसवावा लागेल."

सई, मिहिर, एवढं तुम्हाला बाबांनी फोनवर सांगितलंच असेल. त्याआधी काय घडलं ते माझ्याकडून ऐका, कारण पुढेमागे कुणालाही उपयोगी पडेल.

हार्ट ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनी तुंबणं, असा माझाही समज होता. तसं नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांना ठोक्याचा विजेचा इशारा जातो. माझ्यात तो पोचेनासा झाला होता, म्हणून नाडी फार संथ पडली.

सुरुवात श्रावणात झाली. जिना चढताना दम लागे. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. मिहिरने माझ्या मोबाइलमध्ये तो बोलणारा सहायक घालून दिलाय ना, त्याला मी हे सांगितलं. तुमचे आजोबा गेल्यापासून सकाळच्या चहाला त्याची सोबत असते. मराठी स्वच्छ बोलतो, मध्येच तोडत नाही. तो म्हणाला, "आजच डॉक्टरांना दाखवा आणि ईसीजी काढून घ्या." ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावरचा आलेख.

गौरी तोंडावर आल्या होत्या. एकदा दवाखान्यात शिरलं की सुटका कधी होईल, कोण जाणे. त्यांना जेवू घालून मग जाऊ, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, "हो, काढला. नॉर्मल आहे." काळजी करणाऱ्याला आपण असंच सांगतो. दर रविवारी फोनवर तुम्हालाही सांगतेच.

त्याने विश्वास ठेवला. पुढचं सगळं त्या नॉर्मलवर उभं राहिलं. दम लागतो म्हटलं, तर अपचन असू शकेल. थकवा म्हटलं, तर सणाची धावपळ. त्याचं काही चुकलं नाही. मिळालेल्या माहितीवर त्याने सरळ विचार केला. गंमत अशी, की माझंच खोटं त्याच्या तोंडून ऐकून मला धीर आला.

गौरीपूजनाच्या सकाळी खालच्या मजल्यावरची कमळ सोळा भाज्या निवडायला आली. ती मूळची इथलीच, सुकापूर गावची. आमची इमारत तिच्या घरच्या भातशेतीवर उभी आहे, याची ती भांडताना आठवण करून देते. भेंडी चिरताना माझा हात थांबला.

"काकू, तोंड पांढरा पडलाय तुमचा. काय होतंय?"

"काही नाही गं. मोबाइलला विचारलंय. अपचन आहे."

"मोबाइलनी तुमचा तोंड बघितला का? आमी बघतोय ना. उठा, गाडी काढते."

"घरात गौरी बसल्यात, कमळ."

"माहेरपणाला आल्यात त्या. त्यांना काय घाई नाय."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर कधीपासून येते?" माझ्या ओठांवर "आजच" आलं होतं. मग मॉनिटरवरचा नाडीचा आकडा पाहिला, चाळीसच्याही खाली. श्रावणापासून, असं सांगितलं. ईसीजी काढलाच नव्हता, हेही सांगितलं. कमळ डोळे वटारून ऐकत होती.

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर आजच सुरू झालं असं धरून मी भलतीच कारणं शोधत बसलो असतो."

पेसमेकर म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र. हृदयाने आळस केला की ते ठोक्याचा इशारा देतं. तेवढीच जागा बधिर करतात. मी डॉक्टरांचं बोलणं ऐकत होते. दुखलं ते नंतर, तेही सोसण्यासारखं. तोवर इकडे कमळने गौरींना जेवू घालून, दहीभाताची शिदोरी देऊन निरोप दिला होता.

घरी आल्यावर मी सहायकाला खरं सांगून टाकलं. त्याने आभार मानले, प्रकृती विचारली. रागाचा लवलेश नाही. कमळ मात्र फुगून बसली. "मोबाइलशी खोटं बोललात ते बोललात, आमी काय परके होतो?"

मुलांनो, तुमचं आयुष्य अशा सोबत्यांबरोबरच जाणार. जाऊ दे, चांगले असतात ते. माझ्या तर छातीतच यंत्र आहे आणि त्याच्या भरवशावर मी सुखाने झोपते. फक्त आपण खोटं बोललो की चिडेल, असं एखादं माणूस हाकेच्या अंतरावर ठेवा.

काल संध्याकाळी कमळ तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन वर आली. "आमी नाय बोलत तुमच्याशी," म्हणाली, आणि जेवणं होईपर्यंत बोलत बसली.