‘जातो’ म्हणणारा माणूस

घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हा संकेत आपल्याकडे सगळेच पाळतात. बाबुराव पाळत नसत. छप्पन्न साली त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. शकुन-अपशकुनही त्याच दिवशी वाहून गेले, असे बाबुराव सांगत. ते तेव्हा शाळकरी पोर होते आणि गोष्ट रंगवून सांगण्याची त्यांना खोड होती. त्यामुळे ‘जातो’ म्हणण्याची सवय नेमकी केव्हाची, हे खात्रीने सांगता येत नाही. एवढे मात्र खरे, की स्वारगेटच्या एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या सोडायला ते रोज निघत, तेव्हा दारातून हाच शब्द येई.

“अहो, येतो म्हणावं!” कांताबाई करवादत.

“शब्दानं गाडी परत येत नसते, कांता. ड्रायव्हरला आणावी लागते.”

त्यांची मुलगी आम्रपाली या उत्तरावर वाढली. पलंगाखाली कोणी आहे म्हणून ती रडली, की बाबुराव स्वतः पलंगाखाली सरपटत जात आणि तिथून ओरडत, “जागा रिकामी आहे, प्रवाशांनी बसून घ्यावे!” आपल्या बापाला भीती ठाऊक नाही, ही तिची पक्की समजूत होती, आणि तिचा स्वतःचा सगळा धीर या एका समजुतीवर उभा होता. पुढे ती इंजिनिअर झाली, हिंजवडीत संगणकाच्या प्रणालींतल्या चुका शोधण्याच्या कामाला लागली आणि वारज्यात फ्लॅट घेऊन तिने आईवडिलांना तिथे आणले.

बाबुराव निवृत्त झाले त्याच वर्षी, डिसेंबरात, त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली. तिच्या कंपनीचे काम अमेरिकेचे; नाताळात तिथली कार्यालये बंद असत, म्हणून आम्रपालीला तेवढ्याच दिवसांत रजा मिळण्याजोगी होती. शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात ठरली.

रुग्णालयात जाण्यासाठी शेजारचे बजरंगराव जीप घेऊन आले. ते वारज्याचे मूळ गावकरी. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी बोली गावचीच राहिली होती.

“बाबुराव, अंगारा आणलाय. तुमाला पटत न्हाई, मला ठावं हाय. पर लावायला काय जातंय?”

“तो डॉक्टरांच्या कपाळाला लावा, बजरंगराव. सुरी त्यांच्या हातात आहे.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने आम्रपाली हसली. बाबा घाबरलेले नाहीत, म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही.

कांताबाई औषधे आणायला खाली गेल्या असतानाच वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत आम्रपाली सोबत चालत गेली. दाराशी बाबुरावांनी तिचे मनगट धरले. हात गार होता.

“आमू, येतो हं.”

दार मिटले.

आधी तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले. पण शब्द स्पष्ट होता. मग थट्टा असेल? थट्टा करताना बाबांची डावी भुवई चढे; ती चढली नव्हती. इंजेक्शनची गुंगी? नजर लख्ख होती. आईचे मन राखायला म्हणाले असतील, तर आई तिथे नव्हतीच. एकेक शक्यता तिने पारखली आणि एकेक गळून पडली. उरली ती एकच. बाबा घाबरले होते. आयुष्यभर न मानलेल्या शब्दाचा त्यांनी आधार घेतला होता. दाराबाहेरच्या प्रतीक्षाकक्षात नाताळच्या कागदी चांदण्या आणि कापसाच्या दाढीचा सांताक्लॉज टांगला होता. पंख्याच्या वाऱ्याने तो सारखा दाराकडे तोंड वळवी, आणि दर वेळी कोणीतरी बाहेर आले असे वाटून ती पुढे होई.

कांताबाई धापा टाकत वर आल्या. “नेलं? काय म्हणाले गं?”

“नेहमीचंच. जातो म्हणाले.”

“मेलं ते तोंड!” कांताबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले ते टोपी हातात घेऊनच. शस्त्रक्रियेसाठी थांबवलेले हृदय पुन्हा सुरू झाले नव्हते.

घरी माणसांची रीघ लागली. पांढऱ्या लुगड्यातल्या कांताबाई येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत, “ऑपरेशनच्या खोलीच्या दारातसुद्धा जातोच म्हणाले. शेवटपर्यंत भ्याले नाहीत.” लोक माना डोलवत. “वाघ गडी!” म्हणून बजरंगराव डोळे पुसत. गोष्ट ऐकणाऱ्याच्या तोंडी पुन्हा वाढत होती, पक्की होत होती. आम्रपाली ऐके आणि मनगटावरचा तो गार हात तिला पुन्हा जाणवे. त्या दारात एक घाबरलेला माणूस उभ्या जगात एकटा पडला होता, आणि आता त्याला सगळे मिळून पुसून टाकत होते.

माणसे पांगल्यावर कांताबाईंनी विचारले, “हेच म्हणाले ना गं?”

“नाही, आई. मी खोटं सांगितलं. येतो म्हणाले.”

बाबुरावांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावणारा कांताबाईंचा हात थांबला.

“भ्याले होते?”

“हो. खूप.”

मग त्या पदर सावरून फोटोसमोर सरकल्या आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्याच्यावर उखडल्या.

“अहो, मग मला सांगायचं होतं की! मी काय हसणार होते तुम्हाला?”